आठ दिवस, एक सॅक आणि घरची परवानगी

देवणीच्या बसस्टँडवर उदगीरच्या गाडीची वाट बघत आम्ही मैत्रिणी एक रील बघत होतो. पाठीवर सॅक टाकलेला पोरगा, ब्यूनस आयर्समध्ये सात दिवस. डॉर्ममधला बेड, रस्त्यावरचा टँगो, कॅफेत भेटलेले नवे दोस्त. "आपल्याला असं कधी जमायचं गं?" एक जण म्हणाली.

मला वाटतं, अर्जेंटिनाचं तिकीट ही नंतरची अडचण आहे. आधी घरातून आठ दिवस मिळायला हवेत.

बघा ना. दहावी झाली की आपल्याला लातूरला पाठवतात. दोन वर्षं होस्टेल, मेस, क्लास, टेस्ट सिरीज. प्रसंगी कर्ज काढतात. पुढे स्पर्धा परीक्षेसाठी पुणं. म्हणजे परक्या शहरात राहायला घरची परवानगी आहे, ते शहर बघायला नाही. दोन वर्षं लातूरला काढून गंजगोलाईचे सोळा रस्ते कुठं जातात हे माहीत नसलेली पोरं माझ्याच वर्गात होती.

मागच्या सुट्टीत मी आणि माझी रूममेट हैदराबादला गेलो. आईचा पहिला प्रश्न, "कोणत्या क्लासला?" फिरायला म्हटल्यावर दुसरा, "त्यातून काय मिळणार?" पप्पा दोन दिवस बोललेच नाहीत. शेवटी रोज रात्री व्हिडिओ कॉल करायच्या अटीवर सुटका झाली.

हैदराबादच का? कारण ती आपली जुनी राजधानी. १९४८ पर्यंत इथं निजामाचं राज्य होतं आणि १९५६ पर्यंत आपला हा भाग हैदराबाद राज्यातल्या बीदर जिल्ह्यात होता. आजोबांच्या पेटीतला जमिनीचा कागद उर्दूत का, याचं उत्तर तिथं आहे. आणि जायला काय, उदगीरला रेल्वेत बसायचं. भालकी, बीदर, विकाराबाद करत गाडी पोचवते.

पहिले दोन दिवस आम्ही सगळे बघतात तेच बघितलं. १५९१ चा चारमिनार, गोवळकोंड्याच्या दरवाजात टाळी वाजवून वर आवाज जातो का ते, इराणी चहात उस्मानिया बिस्किट. शुक्रवारी सालारजंग म्युझियमच्या बंद दारापर्यंत जाऊन परतही आलो. मजा तिसऱ्या दिवसापासून आली, कारण यादी संपली होती. बस चुकली, चालत निघालो, कोटी-सुलतानबाजार भागात पोचलो, तर कानावर मराठी. जवळच जांबागला विवेकवर्धिनी ही मराठी माणसांनी निजामाच्या काळात उभी केलेली शिक्षणसंस्था. रिक्षावाला भाड्यावरून "नक्को" म्हणाला आणि आम्ही हसायलाच लागलो. आमच्या गल्लीतल्या चाची अगदी असंच म्हणतात.

उस्मानिया विद्यापीठाच्या दगडी कमानीखाली मात्र गप्प झालो. १९३८ मध्ये इथल्या विद्यार्थ्यांनी वंदे मातरम् म्हटलं म्हणून त्यांना काढून टाकलं होतं. कितीतरी जण पुढं नागपूरला जाऊन शिकले. पी. व्ही. नरसिंह राव त्यांतलेच. ती पोरं आपल्याच वयाची होती.

आणि बेगमपेठेत स्वामी रामानंद तीर्थांचं स्मारक. हे नाव आपण प्रत्येक परीक्षा फॉर्मवर लिहितो. विद्यापीठाचं नाव म्हणूनच लिहितो. तिथं उभं राहिल्यावर पहिल्यांदा ते मला माणसाचं नाव वाटलं. सतरा सप्टेंबरला दरवर्षी झेंड्याला सलाम केला, भाषणं ऐकली, पण हे कधी वाटलं नव्हतं. "काय मिळणार?" या प्रश्नाचं माझं उत्तर एवढंच आहे.

आता दुसरी बाजू. सगळ्यांकडे पैसे नसतात, हे खरंय. पण आमचा दोघींचा मिळून खर्च एका टेस्ट सिरीजच्या फीपेक्षा कमी झाला. सुरक्षिततेची काळजीही खोटी नाही. आम्ही मुलींच्या होस्टेलमध्ये राहिलो, अंधार पडायच्या आत परतलो, एकदा रस्ता चुकून घाबरलोही. पण हीच काळजी भावाला लागू होत नाही, तो मित्रांसोबत गोव्याला जातो तेव्हा कोणी अट घालत नाही. मुलीला जगापासून लपवून ती जगात वावरायला कशी शिकणार? शहराची भीती शहरात चालूनच जाते.

परभणीचे विष्णुदास चापके २०१६ मध्ये निघाले ते जगाला वळसा घालून आले, दक्षिण अमेरिकेसकट. मीना प्रभूंनी तिकडं फिरून 'दक्षिणरंग' लिहिलं. जायचंच असेल तर आपल्यालाही तिथपर्यंत जाता येईल. सुरुवात उदगीर स्टेशनवरून करू.

परत आले त्या रात्री पप्पांनी आजोबांची पेटी काढली. "हा कागद वाचणारं कोणी भेटलं का तिथं?" त्यांनी विचारलं. नाही भेटलं. पुढच्या वेळी कागद सोबत न्यायचाय. पप्पा म्हणतात, तेही येणार.

पुढच्या सुट्टीत तुम्ही कुठं?