घरची शाळा आणि मागें पडणारें मूल

आपल्या सातारा-सांगली भागांत एखाद्या मुलास आठव्या-नवव्या वर्षींही नीट वाचतां येईना, म्हणजे दोन वाक्यें ठरलेलीं असतात. शाळेंतून निरोप येतो कीं मुलाचें लक्ष नाहीं. आणि घरांतील वडीलधारें माणूस म्हणतें कीं मुळांत डोकेंच नाहीं, तेथें लक्ष काय करणार! आमच्या मतें हीं दोन्ही वाक्यें पुष्कळदां खोटीं असतात. अलीकडे कांहीं पालक तिसराच मार्ग बोलून दाखवितात. मुलास शाळेंतून काढावें व घरींच शिकवावें, असें त्यांचें म्हणणें. त्या मार्गाविषयीं येथें चार शब्द लिहावयाचे आहेत.

ही अडचण नवी नव्हे. 1896 सालीं प्रिंगल मॉर्गन या इंग्रज डॉक्टरानें चौदा वर्षांच्या एका मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. मुलगा चलाख, खेळांत कोणास हार न जाणारा. परंतु साधे शब्द वाचतां येत नसत. सारें शिक्षण तोंडी असतें तर हाच शाळेंत सर्वांत हुशार ठरला असता, असें त्याचे मास्तर म्हणत. या अवस्थेस आज ‘डिस्लेक्सिया’ म्हणतात. ‘तारे जमीन पर’ हा 2007 चा चित्रपट अशाच मुलाचा, आणि त्याचें चित्रण आपल्या जिल्ह्यांतील पांचगणीस झालें. तो पाहून डोळे पुसणारे पुष्कळ. त्याच डोळ्यांनीं घरीं मुलाच्या वहींतील तांबड्या रेघा पाहून हात उगारणारेही कमी नाहींत.

आपली लिपि सोपी, बोलावें तसें लिहावें, असें आपण अभिमानानें सांगतों. परंतु ‘कि’ हें अक्षर पाहा. वेलांटी हातानें आधीं काढावयाची आणि तोंडानें मागाहून उच्चारावयाची. घ आणि ध, भ आणि म यांत फरक तो केवढा! अंकांचें तर विचारूंच नये. ‘पंचवीस’ म्हणतांना तोंड पांच आधीं बोलतें, आणि हातास मात्र दोन आधीं लिहावा लागतो. 2019 सालीं बालभारतीनें दुसरीच्या गणिताच्या पुस्तकांत जुन्या नांवांबरोबर ‘वीस पांच’ अशी सरळ वाचनाची रीत दिली, तेव्हां महाराष्ट्रभर थट्टा झाली. ज्या घरीं पंचविसाचे बावन्न लिहिणारें मूल आहे, त्या घरीं कोणास हंसूं आलें असेल असें आम्हांस वाटत नाहीं.

अशा मुलास घर पुष्कळ देऊं शकतें. पूर्वीं पंतोजी धुळपाटीवर बोटानें अक्षरें गिरवून घेत. डोळा, कान आणि बोट हीं तिन्हीं एकदम कामास लावावीं, असें या मुलांना शिकविणारे आज सांगतात, आणि ती जुनी रीत त्याच्या फार जवळची आहे. ताटांत रांगोळी पसरून आईनें रोज एकच अक्षर मोठ्यानें उच्चारीत गिरवून घ्यावें. दहा मिनिटें पुरेत. धड्यांतील मजकूर वडिलांनीं वाचून दाखवावा आणि मुलानें तो स्वतःच्या शब्दांत सांगावा. सांगलीच्या बाजारांत हळदीचे सौदे चालतात, तेथें वजन आणि भाव यांचा हिशेब ऐकणारें मूल पाठ्यपुस्तकावांचूनही गुणाकार समजूं लागतें. घरीं चाळीस मुलें हंसावयास नसतात, हा लाभ तर सर्वांत मोठा.

तरीही शाळेंतून नांव काढण्यापूर्वीं पालकांनीं स्वतःस एक प्रश्न विचारावा: हें मुलासाठीं चाललें आहे, कीं चार लोकांत मान खालीं जाते म्हणून? मूल जर मुलगी असेल, तर हा प्रश्न दोनदां विचारावा. कारण तिच्या बाबतींत ‘घरीं शिकते’ याचा अर्थ थोड्याच दिवसांत ‘घरीं राबते’ असा होतो. सातारा जिल्ह्यांतील नायगांवीं जन्मलेल्या सावित्रीबाई फुले यांनाही आरंभीं जोतीरावांनीं घरींच शिकविलें. परंतु ते धडे घेऊन त्या 1848 सालीं पुण्याच्या शाळेंत शिकवावयास बाहेर पडल्या. घरचें शिक्षण दाराबाहेर नेत असेल, तर आमची त्यास हरकत नाहीं.

शिवाय कायदा आतां मुलाच्या बाजूचा आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यांत वाचन-लेखनाच्या या अडचणीस स्पष्ट स्थान मिळालें, आणि ती लवकर ओळखणें हें शाळांचें काम ठरलें. प्रमाणपत्र असल्यास बोर्डाच्या परीक्षेंत जादा वेळ व लेखनिक मिळूं शकतो. तीव्र अपंगत्व असलेल्या मुलांस घरीं राहून शिकण्याचा हक्क शिक्षणहक्क कायद्यांतील 2012 च्या दुरुस्तीनें दिला. सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसणाऱ्यांस दहावीची परीक्षा मोकळी आहे, आणि राष्ट्रीय मुक्त विद्यालयही आहे. मात्र हे मार्ग शाळेशीं बोलणें आटोपल्यावरचे. मुख्याध्यापकांस भेटावें, जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयांत तपासणीची चौकशी करावी, आणि मार्चची वाट पाहूं नये.

विद्यार्थिमित्रांसही एक विनंती आहे. तुमच्या वर्गांत वाचनाची पाळी जवळ आली कीं पाणी पिण्यास जाणारा कोणी असेल. त्यास हंसूं नका. इतिहासाचा धडा मधल्या सुट्टींत त्याला वाचून दाखवा आणि मग त्यालाच प्रश्न विचारून पाहा.