जुना स्टिरिओ बरा की नवा?

'जुने ते सोने' ही म्हण तुम्ही मराठीच्या तासाला ऐकली असेल. मुंबईच्या चोर बाजारात फेरफटका मारला, की ही म्हण खरी वाटू लागते. पितळी कर्ण्याचे ग्रामोफोन, लाकडी पेटीतले रेडिओ, जाड बटणांचे अँप्लिफायर आणि तबकड्यांचे ढीग तेथे मांडलेले दिसतात. शौकीन माणसे येतात, तबकडी उजेडात तिरपी धरून तिच्यावरचे ओरखडे पाहतात आणि मग किमतीची घासाघीस सुरू होते. त्यांना विचारा. ते म्हणतील, "आवाज असावा तर असा! आजच्या यंत्रांत ती गोडी कुठली?" इकडे तुमच्यापैकी कोणी हातात मावेल एवढा ब्लूटूथ स्पीकर दाखवून म्हणेल, "एवढे अवजड धूड घरात ठेवायचे तरी कुठे?"

माझे मत या दोघांहून वेगळे आहे. आवाजाच्या बाबतीत नवे यंत्र जुन्याच्या मागे नाही. बहुतेक वेळा ते पुढेच आहे. पण जुन्या यंत्राजवळ एक गुण होता, तो आपण हातचा घालवत आहोत. तो गुण कानाला ऐकू येत नाही. त्यासाठी यंत्राच्या पोटात डोकवावे लागते.

प्रथम तबकडी पाहू. १९०२ साली कलकत्त्यात गौहर जान यांचे गाणे तबकडीवर उतरवले गेले. त्या काळच्या तबकडीवर जेमतेम तीन मिनिटे मावत. गाणे संपताच गौहर जान आपले नाव इंग्रजीत पुकारत. कारण तबकड्या तयार होत जर्मनीतील हानोव्हर शहरात आणि गाणारी कोण हे तेथल्या माणसांना कळायला हवे होते! पुढे घरोघर गेलेल्या त्या काळ्या तबकड्या लाख आणि दगडाची पूड यांच्या असत. ज्या लाखेच्या बांगड्या होतात, तीच ही लाख. हातातून पडली की तबकडीचे तुकडे होत. १९४८ मध्ये न फुटणारी लाँग प्ले तबकडी आली. तिच्या एका बाजूवर वीस मिनिटांहून अधिक संगीत मावू लागले. कव्वाली किंवा ख्याल तीन मिनिटांत उरकण्याची सक्ती संपली.

त्यानंतर दहा वर्षांनी स्टिरिओ तबकड्या बाजारात रुळल्या. स्टिरिओ म्हणजे काय? आपल्याला दोन कान आहेत. तबला डावीकडे वाजत असेल, तर त्याचा आवाज डाव्या कानाला किंचित आधी आणि किंचित मोठा ऐकू येतो. त्यावरून तो कोणत्या बाजूला आहे हे आपण ओळखतो. म्हणून तबकडीच्या खाचेच्या एका भिंतीवर डावा आवाज आणि दुसऱ्या भिंतीवर उजवा आवाज कोरला गेला. एकच सुई त्या खाचेतून धावताना दोन्ही भिंतींची थरथर टिपते. त्या थरथरीची अगदी क्षीण वीज होते, अँप्लिफायर तिला जोरकस करतो आणि दोन स्पीकर ती हवेत सोडतात. केसाएवढ्या खाचेत सारी मैफल! मला आजही याचे नवल वाटते.

आता सीडीकडे वळू. ती १९८२ मध्ये विक्रीला आली. सीडीसाठी आवाज एका सेकंदात ४४,१०० वेळा मोजला जातो. माणसाचा कान सेकंदाला सुमारे २०,००० कंपनांपर्यंतचाच आवाज ऐकू शकतो. तो नीट नोंदवायला त्याच्या दुपटीहून अधिक मोजण्या लागतात आणि सीडीत तेवढ्या असतात. अगदी हळू आवाज आणि सर्वांत मोठा आवाज यांतील अंतर तबकडीवर साधारण ६० ते ७० डेसिबल मिळते. सीडीवर ते सुमारे ९६ डेसिबल आहे. तिच्यावर सुई घासत नाही, म्हणून ती वाजवून झिजत नाही. मग जुन्या यंत्राची गोडी येते कोठून? काचेच्या व्हॉल्व्हचा अँप्लिफायर गाण्यात स्वतःचे थोडे सूर मिसळतो. ते कानाला बरे वाटतात. बिर्याणीवर केवडा शिंपडावा तसेच हे आहे. वास छान येतो. पण तो तांदळाचा नव्हे. कोणाला केवडा आवडत असेल तर त्याने जरूर शिंपडावा. मात्र नव्या यंत्राला बेसूर म्हणू नये.

एका बाबतीत मात्र शौकीन मंडळींचे म्हणणे मला पटते. ढोलकाचा खोल आवाज काढायचा तर पुष्कळ हवा हलवावी लागते आणि ते काम मुठीएवढ्या स्पीकरला जमत नाही. शिवाय डावा-उजवा आवाज एकाच डबीतून निघाला, तर स्टिरिओ नावालाच उरतो. हा दोष नवेपणाचा नव्हे, लहानपणाचा आहे.

आता त्या हरवलेल्या गुणाकडे येऊ. १९७० नंतर कोकणातील अनेक घरांतले तरुण नोकरीसाठी आखाती देशांत गेले. सुट्टीवर येताना ते रेडिओ आणि टेपरेकॉर्डर एकत्र असलेला 'टू-इन-वन' घेऊन येत. तुमच्या दादीला किंवा नानीला विचारा, तिला तो आठवत असेल. परदेशी असलेल्या मुलाला घरच्यांचा आवाज कॅसेटवर भरून पाठवला जाई. असे यंत्र बिघडले तर ते कोणी फेकून देत नसे. त्यातला रबरी पट्टा सैल झाला की गाणे रेंगाळू लागे. दुरुस्ती करणारे चाचा चार स्क्रू काढून पट्टा बदलत आणि संध्याकाळी यंत्र पुन्हा गाऊ लागे. आवाजाचे बटण फिरवताना खरखर झाली तर आत धूळ बसली आहे, हे त्यांना ऐकूनच समजे. कित्येक यंत्रांबरोबर आतल्या जोडणीचा नकाशा छापून येई. १९७२ मध्ये निघालेली जपानची टेक्निक्स एसएल-१२०० ही टर्नटेबल आजही अनेक ठिकाणी फिरताना दिसते. ती मजबूत आहे म्हणून टिकली, हे खरे. पण ती उघडता येते आणि तिचे भाग बदलता येतात, म्हणूनही टिकली.

आजचा छोटा स्पीकर हातात घ्या. स्क्रू शोधून पाहा. बहुधा सापडणार नाही, कारण कवच चिकटवलेले असते. आतली बॅटरी काही शे वेळा भरल्यावर थकते आणि ती बदलण्याची सोय नसली, तर धडधाकट स्पीकर केवळ बॅटरीसाठी भंगारात जातो. त्याहून विचित्र प्रकार म्हणजे यंत्र चांगले असूनही त्याला निवृत्त करणे. जानेवारी २०२० मध्ये अमेरिकेतील सोनॉस या कंपनीने आपल्या काही जुन्या स्पीकर-यंत्रांना मे महिन्यानंतर नवे सॉफ्टवेअर मिळणार नाही, असे जाहीर केले. नव्या खरेदीवर सवलत हवी असेल, तर जुने यंत्र कायमचे बंद करून टाकायचे, अशीही तिची एक योजना होती. वाजणारे यंत्र आपणच मुके करायचे! ग्राहक संतापले, कंपनीच्या प्रमुखांनी माफी मागितली आणि यंत्र मुके करण्याची ती अट त्याच वर्षी काढून टाकण्यात आली.

माझा आक्षेप नव्या विज्ञानाला नाही. नवा अँप्लिफायर वीज कमी खातो, कमी तापतो आणि फळीवर सहज बसतो. माझा आक्षेप बंद कवचाला आहे. पैसे मोजून आणलेली वस्तू आपल्यालाच उघडता येत नसेल, तर ती पुरती आपली झाली असे कसे म्हणायचे? दुरुस्तीच्या दुकानावर ज्यांचे घर चालते, त्यांचे हुन्नर तरी मग कोण विचारणार? आणि हे भंगार जाते कोठे? वस्तीच्या कडेला तांब्यासाठी तारा जाळल्या जातात. तो विषारी धूर तुमच्याएवढ्या मुलांच्या छातीत जातो.

या दिशेने काही पावले पडली आहेत. फ्रान्सने २०२१ मध्ये टीव्ही, मोबाइल अशा काही वस्तूंवर दुरुस्तीच्या सोयीचे दहापैकी गुण छापणे सक्तीचे केले. भारत सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागानेही जुलै २०२२ मध्ये 'दुरुस्तीच्या हक्का'साठी समिती नेमली. पण दुकानात उभे असतो आपण. तेव्हा अब्बूंबरोबर स्पीकर घ्यायला जाल, त्या वेळी आवाज ऐकून झाल्यावर दुकानदाराला आणखी दोन प्रश्न विचारा : "बॅटरी बदलून मिळेल का? सुटे भाग कोठे मिळतात?" शक्य असेल तर अँप्लिफायर वेगळा आणि स्पीकर वेगळे घ्या. तारेने जोडले जाणारे असे संच अजूनही मिळतात. त्यांतला एक भाग बिघडला तर दुसरा टाकावा लागत नाही.

आणि घरात जुना टू-इन-वन पडून असेल, तर तो भंगारवाल्याला देण्याआधी एकदा दुरुस्तीच्या दुकानात न्या. तेथे बसून तो उघडताना पाहा, प्रश्न विचारा. स्वतः मात्र उघडू नका. विजेवर चालणाऱ्या जुन्या यंत्रांतले काही कपॅसिटर प्लग काढल्यावरही वीज धरून ठेवतात आणि तिचा झटका जोराचा असतो. तुम्ही काम शिकेपर्यंत पेचकस चाचांच्याच हाती राहू द्या.