नवऱ्यानं मारू नये, कोर्टानं मारावं

साल १६४१. ठिकाण, अमेरिकेतली मॅसॅच्युसेट्स ही इंग्रज वसाहत. इंग्लंडच्या चर्चमध्ये पुरेशी सुधारणा झाली नाही म्हणून समुद्र ओलांडून आलेल्या प्युरिटन लोकांनी तिथे आपल्या हक्कांची एक सनद केली. विवाहित स्त्रीला तिच्या नवऱ्यानं मारहाण करता कामा नये, असं तिच्यातलं एक कलम होतं. स्त्रियांवरच्या हिंसेचा इतिहास सांगताना या कलमाचा मोठ्या कौतुकानं उल्लेख होतो. कौतुक व्हावं असं ते आहेच. इंग्लंडात तेव्हा नवऱ्यानं बायकोला ‘माफक’ मार देणं कोणाला गैर वाटत नव्हतं.

पण त्याच कलमातलं पुढचं वाक्य सांगायचं बहुधा राहून जातं. बायकोला शिक्षा करण्यासारखं काही कारण असेलच, तर कोर्टात तक्रार करावी आणि तिला शिक्षा फक्त कोर्टानं द्यावी, असं ते वाक्य आहे. म्हणजे बाईला वळण लावायला हवं यावर दुमत नव्हतं. छडी कोणाच्या हातात असावी, एवढाच प्रश्न होता.

त्यांच्या लेखी घर हे छोटं राज्य होतं. नवरा त्याचा प्रमुख. बायको त्याच्या खाली, पण मुलं आणि नोकर यांच्या वर. लग्न हा धार्मिक संस्कार नसून करार, म्हणून ते पाद्र्यापुढे न लागता न्यायाधिकाऱ्यापुढे लागे. नवरा सोडून गेला किंवा एक बायको असताना त्यानं दुसरी केली तर करार मोडला, घटस्फोट मिळे. त्या काळच्या इंग्लंडात हे जवळपास अशक्य होतं. याचा बाईला काहीच फायदा झाला नाही असं म्हणणं खोटेपणाचं होईल.

मात्र राज्य म्हटलं की पहारा आलाच. बायको नाही, नोकर नाही अशा तरुणानं एकट्यानं घर करून राहायला कनेक्टिकटमध्ये बंदी होती. १६७० च्या दशकात मॅसॅच्युसेट्समध्ये दहा-बारा घरांमागे एक देखरेख करणारा माणूस नेमला गेला. घर ही खाजगी बाब नाही, असं आपण घोषणा देऊन सांगत आलो. हे लोक तर ते आचरणातच आणत होते! म्हणून त्यांच्याकडे नीट बघायला हवं. दार उघडलं की आत कोण येतं? सोडवायला येतं, की घराची घडी पुन्हा होती तशी बसवायला येतं? समुपदेशन केंद्रात बसणाऱ्या मैत्रिणींना हा फरक मी सांगायला नको.

कामाचं म्हणाल तर बाईवाचून त्या घराचं पान हलत नव्हतं. सूत, दूधदुभतं, परसबाग, भाजीभाकरी, बिअर गाळणं, आणि साधारण दर दोन वर्षांनी बाळंतपण. नवरा बाहेरगावी गेला की ती देणीघेणी करी, मजुरांवर देखरेख ठेवी. लॉरेल थॅचर उलरिक या इतिहासकार बाईंनी १९८२ च्या आपल्या पुस्तकात या भूमिकेला ‘बदली नवरा’ अशा अर्थाचं नाव वापरलं आहे. बदली म्हणजे बदलीच. नवरा परतला की कारभार त्याचा, आणि मालमत्ता तर सगळी त्याच्याच नावावर.

बायकांना हे मुकाट्यानं पटत होतं असं मात्र समजू नका. विल्यम गूज या लंडनच्या प्युरिटन पाद्र्यानं घरातल्या कर्तव्यांवर १६२२ मध्ये एक जाडजूड पुस्तक छापलं. नवऱ्याच्या संमतीशिवाय बायकोनं घरातल्या वस्तूंची विल्हेवाट लावू नये, असं व्यासपीठावरून सांगितल्यावर आपल्याला बराच विरोध झाला, हे त्यानं स्वतःच लिहून ठेवलंय. प्रश्न सत्तेचा होता, हे त्या बायकांनी बरोबर ओळखलं होतं.

बोस्टनची ॲन हचिन्सन बाळंतपणात मदत करायला जायची. डझनाहून जास्त मुलांची आई. प्रवचनांवर चर्चा करायला तिच्या घरी बायका जमू लागल्या, मग पुरुषही. १६३७ मध्ये तिच्यावर खटला होऊन हद्दपारीची शिक्षा झाली. पुढच्या वर्षी चर्चनंही तिला बाहेर काढलं. तेव्हा ह्यू पीटर या पाद्र्यानं ठेवलेला ठपका असा होता : तू बायको न राहता नवरा झालीस, श्रोता न राहता उपदेशक आणि प्रजा न राहता न्यायाधिकारी झालीस. घर, चर्च, राज्य या तिन्हींची उतरंड एकच, हे इतक्या स्वच्छपणे आपल्यापैकी तरी कोणी मांडलंय का?

गव्हर्नर विन्थ्रॉपची १६४५ मधली एक नोंदही बघा. कनेक्टिकटच्या गव्हर्नरची बायको ॲन हॉपकिन्स वाचनलेखनापायी भ्रमिष्ट झाली; ती घरकामात लक्ष घालून राहिली असती तर शाबूत राहिली असती, असं त्याचं निदान आहे. ॲन ब्रॅडस्ट्रीटच्या कविता १६५० मध्ये लंडनला छापल्या, तेव्हा या बाईनं झोपेतून वेळ काढून लिहिलं आहे, घरकामाला कात्री लावून नव्हे, अशी ग्वाही प्रस्तावनेत मेव्हण्याला द्यावी लागली.

बायबल वाचता यावं म्हणून ते मुलींना वाचायला शिकवत. लिहायला शिकवणं ही वेगळी गोष्ट. त्या पिढीतल्या मृत्युपत्रांवर तीन बायकांमागे जेमतेम एकीची सही सापडते, बाकीच्यांची नुसती खूण. यातला एक धागा आपल्यापर्यंत येतो. याच परंपरेतल्या मॅसॅच्युसेट्सच्या चर्चवाल्यांनी १८१० मध्ये मिशन संस्था काढली आणि तिच्यातर्फे सिंथिया फरार ही अविवाहित बाई १८२७ मध्ये मुंबईला आली, पुढे अहमदनगरला. तिथली तिची मुलींची शाळा पाहून जोतीराव फुले प्रभावित झाले. आज्ञापालनासाठी दिलेली अक्षरं कोणाच्या हाती पडतील हे देणाऱ्याच्या ताब्यात राहत नाही, एवढं त्या मिशनच्या बाजूनं म्हणता येईल.

प्युरिटन घरातली बाई शेवटी कुठे येऊन थांबे, ते नवऱ्यांच्या मृत्युपत्रांत दिसतं. कायद्यानं विधवेचा हक्क एक तृतीयांश, तोही हयातीपुरता. घर मुलाचं. मग काही मृत्युपत्रं तपशिलात शिरतात : आईला अमुक खोली द्यावी, विहिरीवर जायची वाट द्यावी, चूल वापरू द्यावी, मुलानं जळण आणून द्यावं. ज्या घरात तिनं तीस-चाळीस वर्षं चूल पेटवली, त्याच घरातली ही चूल.