बंद शहरातील बिऱ्हाड

परक्या मुलखात भाड्याचे घर शोधणारा मनुष्य खरे पाहता घर घेत नसतो, शहर घेत असतो. घराकडून त्याची अपेक्षा रात्रीपुरत्या निवाऱ्याची, आणि ज्यासाठी देशांतराचा खटाटोप केला ते ग्रंथालय, ते नाट्यगृह, ती बाजारपेठ हे सर्व उंबरठ्याच्या पलीकडे. माझ्याही मनात बर्लिनची एक लांबलचक यादी होती, आणि इरावतीबाई कर्वे १९२०च्या दशकाच्या अखेरीस डालेममधील ज्या संस्थेत मानवशास्त्राचा अभ्यास करीत होत्या, त्या वास्तूचे दर्शन तिच्या अग्रभागी होते. परंतु वर्षभर दुसऱ्यांच्या खोल्यांत दिवस काढून डिसेंबर २०२०च्या मध्यावर वेडिंग भागातील एका जुन्या इमारतीच्या मागल्या चौकातले घर मला मिळाले, त्याच आठवड्यात, १६ तारखेपासून, जीवनावश्यक नव्हेत अशी सर्व दुकाने कोरोनाच्या साथीपायी सरकारी हुकुमाने बंद झाली. उपाहारगृहे आणि नाट्यगृहे तर नोव्हेंबरच्या आरंभापासूनच बंद होती. शहर असे हिशेबातून वजा झाल्यावर शिल्लक उरले ते घर, आणि त्या घराला चिकटलेले कायदे, कागद, शेजारी व कचऱ्याचे डबे. जर्मनीशी माझी ओळख या आडवाटेने झाली, आणि ग्रंथालयांतून झाली असती तिच्यापेक्षा ती कमी खरी आहे असे मला वाटत नाही.

कब्जा देण्याचा विधी येथे पंचनाम्याच्या गांभीर्याने चालतो. घरमालकाच्या वतीने आलेले गृहस्थ आणि मी, दोघेही मुखपट्ट्या बांधून आणि ऐन थंडीत सगळ्या खिडक्या सताड उघड्या टाकून, खोलीखोलीतून फिरलो. लाकडी जमिनीवरचा ओरखडा, चौकटीचा उडालेला रंग, वीज-पाण्याच्या मीटरांवरील आकडे, किल्ल्यांची संख्या असे सर्व त्यांनी नमूद करून घेतले, आणि शेवटी आपापल्या पेनांनी सह्या करून आम्ही दोन हातांच्या अंतरावरून मान लववून निरोप घेतला. ते गेल्यावर वर पाहिले तो छतांतून नुसत्या तारा लोंबत होत्या. येथला भाडेकरू जाताना दिवे घेऊन जातो, आणि पुष्कळ शहरांत तर ओटा, कपाटे यांसह सगळे स्वयंपाकघरच उचकटून नेतो. शेगडी आणि भांडी धुण्याचे बेसिन मालकाने पुरवावे असा बर्लिनचा प्रघात असल्यामुळे तेवढ्या दोन वस्तू एका उघड्या भिंतीशी केविलवाण्या उभ्या होत्या. दिव्यांची दुकाने बंद, फर्निचरची बंद, हातोडी-खिळ्यांचीही बंद. माझी अडचण सोडवली ती या शहराच्या एका जुन्या आणि मोठ्या सभ्य सवयीने: नको असलेली वस्तू ‘हवी असल्यास न्यावी’ अशी चिठ्ठी लावून दाराबाहेर ठेवायची. माझा मेजावरचा दिवा, एक खुर्ची, आणि पाय किंचित डगमगणारे एक टेबल ही सर्व मंडळी अशा रीतीने पदपथावरून माझ्याकडे बिऱ्हाडाला आली.

करारनामा मात्र अनेक पानांचा होता, आणि दुसरे काही करण्यासारखे नसल्यामुळे तो मी आपल्या आयुष्यात कोणताही दस्तऐवज वाचला नसेल इतक्या बारकाईने वाचला. आपल्याकडे अकरा महिन्यांच्या लेखावर राहणाऱ्या मनुष्यास दहावा महिना लागला की दलालाच्या आवाजातला फरक ऐकू येऊ लागतो. या करारनाम्यात मुदतच लिहिलेली नव्हती. जर्मन दिवाणी संहितेप्रमाणे भाडेकरूस तीन महिन्यांची सूचना देऊन जाता येते, मालकास त्याला काढावयाचे तर कायद्याने मान्य केलेले कारण दाखवावे लागते, आणि अनामत रक्कम तीन महिन्यांच्या मूळ भाड्याहून अधिक घेता येत नाही. तीही तीन हप्त्यांत देण्याचा भाडेकरूचा हक्क आहे. गिरगावात पागडीच्या खोल्यांत ज्यांच्या पिढ्या गेल्या त्यांना यात काही अपूर्व वाटणार नाही, परंतु एका श्रीमंत देशाच्या राजधानीत बहुसंख्य लोक जन्मभर भाड्याने राहतात आणि ‘स्वतःचा ब्लॉक झाला का’ असे कोणी कोणाला विचारीत नाही, हे पुणेकर कानांना पचावयास थोडा वेळ लागतो.

त्या करारनाम्यातले सर्वांत विलक्षण कलम भाड्याचेच होते, कारण भाडी दोन होती. बर्लिनच्या राज्य शासनाने २३ फेब्रुवारी २०२० पासून एक कायदा जारी करून सुमारे पंधरा लाख घरांची भाडी १८ जून २०१९च्या पातळीवर गोठवली होती. हा कायदा घटनेस धरून आहे की नाही याविषयी वाद कार्ल्सरूह येथील घटना न्यायालयात चाललेला, आणि निकाल कोणत्या बाजूने लागेल ते सांगता येत नाही अशा स्थितीत माझ्या मालकाने, इतर अनेक मालकांप्रमाणे, एक भाडे सध्याच्या कायद्याप्रमाणे आकारावयाचे आणि दुसरे, बरेच मोठे, कायदा रद्द ठरल्यास आरंभापासून देय होणारे, असे दोन्ही आकडे एकाच पानावर लिहून ठेवले होते. या दुसऱ्या आकड्याला येथे छायाभाडे म्हणत. ते घर मी अशा रीतीने एका किमतीत राहून दुसरीच्या छायेत उपभोगीत होते.

घर मिळाले तरी मनुष्य या देशात तोवर राहत नाही, जोवर त्याची नोंद होत नाही. नव्या घरात राहावयास आल्यापासून दोन आठवड्यांच्या आत मालकाचा दाखला घेऊन नागरिक कचेरीत हजर व्हावे असा कायदा आहे, आणि त्या हिवाळ्यात कचेरीची वेळ मिळणे हे घर मिळण्याहून कठीण झाले होते. कायद्याला आपली मुदत ठाऊक, कचेरीला आपली गर्दी ठाऊक, आणि दोहोंच्या मधल्या फटीत नवागताने निमूटपणे बसावे अशी तडजोड सगळ्यांनी मान्य केलेली दिसली. अर्जात धर्माचाही रकाना असतो, आणि तो भाबड्या कुतूहलाचा नव्हे: विशिष्ट चर्चांचे सभासद म्हणून नोंद झालेल्यांकडून सरकार त्या चर्चांसाठी कर वसूल करून देते, आणि बर्लिनमध्ये तो प्राप्तिकराच्या ९ टक्के आहे. खरा दाखला मात्र कचेरीत मिळत नाही, दारावर मिळतो. या इमारतींत घरांना क्रमांक नसतात. टपालवाला फक्त घंटीवरचे आणि पत्रपेटीवरचे आडनाव पाहतो, आणि ते नसेल तर पत्र ‘असा कोणी येथे राहत नाही’ म्हणून परत जाते. माझे आडनाव त्या अरुंद पट्टीवर मावेना म्हणून शेवटची दोन अक्षरे बारीक करून बसवावी लागली. पण ती पट्टी लागली त्या दिवसापासून मी अस्तित्वात आले.

मागल्या चौकातले घर म्हणजे काय ते मुंबईच्या चाळीत राहिलेल्या मनुष्यास फार समजावून सांगावे लागणार नाही. जेम्स होब्रेख्ट यांनी १८६२ साली आखलेल्या नकाशावर बर्लिन वाढले ते मोठमोठ्या भूखंडांवर, आणि एका इमारतीमागे दुसरी, दुसरीमागे तिसरी अशा रांगेने. मधल्या चौकांसाठी १८५३च्या नियमांनी जी किमान जागा ठरवली होती ती ५.३४ मीटर लांब व तितकीच रुंद, कारण आगीचा बंब तेवढ्यात वळू शकत असे. सूर्य वळू शकतो की नाही हे कोणी विचारले नाही. याच वेडिंगमध्ये आकरश्ट्रासेवर एकामागे एक सहा चौकांची ‘मायर्स होफ’ नावाची वसाहत होती, तिच्यात एके काळी सुमारे २००० माणसे राहत, आणि युद्धातून वाचलेला तिचा अखेरचा भाग १९७२ साली पाडण्यात आला. मुंबईत १८९६ साली प्लेग आल्यावर दाट वस्तीतल्या खोल्यांची कौले काढून आत उजेड-वारा सोडण्यात आला, आणि दोन वर्षांनी सुधार न्यास स्थापन होऊन समुद्राची हवा गावात शिरावी म्हणून प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड कापले गेले; भिंतींतून माणसांकडे पाहण्याची बुद्धी सरकारांना साथीच्या काळात होते, ही गोष्ट दोन्ही शहरांच्या इतिहासात सारखीच दिसते.

माझ्या घरापासून कालव्याच्या काठाने चालत गेले की नॉर्डउफरवर लाल विटांची रॉबर्ट कॉख संस्था लागते. देशातील रुग्णांचे आकडे रोज सकाळी तेथून प्रसिद्ध होत, आणि त्या आकड्यांवर मी कोणास भेटू शकेन ते ठरे. जानेवारीपासून नियम असा होता की एका घरच्या मंडळींनी घराबाहेरच्या एकाच व्यक्तीस भेटावे. क्षयाचा जंतू सापडल्याचे कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी याच शहरात जाहीर केले, आणि १८९७ साली प्लेगच्या अभ्यासासाठी जर्मन सरकारने पाठवलेल्या मंडळाबरोबर ते मुंबईत होते. त्यांच्या अस्थी याच वास्तूत आहेत. रोजच्या फेरीत त्या इमारतीपाशी मी थोडी रेंगाळत असे. फेब्रुवारीत कडाक्याची थंडी पडून कालवा गोठला, तेव्हा घरांत कोंडलेले लोक पोलिसांच्या इशाऱ्यांकडे दुर्लक्ष करून बर्फावर उतरले, आणि दोन महिन्यांत प्रथमच मी मनुष्यांचा समुदाय पाहिला.

खिडकीचा विषय मी थोडक्यात आटोपणार होते, पण जर्मन मनुष्य तो थोडक्यात आटोपू देत नाही. दिवसातून अनेकदा सर्व खिडक्या पूर्ण उघडून काही मिनिटे हवा खेळवावी, नाहीतर भिंतींना बुरशी येते, हे करारनाम्यातच बजावलेले होते. अंतर, स्वच्छता आणि मुखपट्टी या सरकारी त्रिसूत्रीत २०२०च्या शरद ऋतूत वायुवीजनाचीही भर पडली, तेव्हा आजवर घरमालकाची कटकट वाटणारी गोष्ट राष्ट्रीय कर्तव्य होऊन बसली. म्युनिकच्या माक्स फोन पेटेनकोफर यांनी खोलीतल्या हवेत कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण ०.१ टक्क्याहून अधिक नसावे असे १८५८ सालीच सांगून ठेवले होते. मला या परंपरेत दीक्षा मिळाली ती फोडणीमुळे. बर्लिनमधील जुन्या घरांतही धूरसूचक यंत्रे ३१ डिसेंबर २०२० पर्यंत बसवलीच पाहिजेत असा दंडक असल्याने माझ्या बोळकांडीत ते नुकतेच बसवले होते. मोहरी तडतडली, हिंग पडला, मिरची करपली, आणि त्या शांत चौकात, रविवारी, जेव्हा येथे भिंतीत खिळा ठोकणेही शिष्टसंमत नसते, तेव्हा एक कर्कश आक्रोश सुरू झाला.

त्या आक्रोशाने खालच्या मजल्यावरील आजीबाईंची ओळख झाली. त्या मुखपट्टी बांधून जिन्यात उभ्या होत्या, आणि तक्रार करण्याऐवजी त्यांनी विचारले की जळते आहे ते काय, कारण वास चांगला आहे. पुढे दुकाने बंद असल्यामुळे टपालाने येणाऱ्या सगळ्या इमारतीच्या पुड्या त्यांच्याकडे उतरू लागल्या, आणि पुडी घ्यावयास गेल्यावर चौकात दोन टोकांना उभे राहून आम्ही बोलत असू. बर्लिनची भिंत उभी होती त्या काळापासून त्या या घरात राहत होत्या. म्युलरश्ट्रासेवरील तुर्की वाण्याकडची मसूर डाळ कोणती चांगली हे त्यांनी मला सांगितले, आणि भाड्याचे दोन आकडे ऐकून म्हणाल्या, ‘दुसऱ्यातून पहिला वजा करा आणि उरेल ते दरमहा बाजूला ठेवा, कायद्यावर राहता येते, विसंबता येत नाही.’

१५ एप्रिलला न्यायालयाने निकाल प्रसिद्ध केला: भाड्याच्या दरांविषयी संघराज्याने आधीच कायदा केलेला असल्याने राज्याला तो अधिकारच नव्हता, सबब कायदा मुळापासून शून्य. छायाभाडे सावलीतून बाहेर आले. त्याच दिवसांत पुण्याहून येणारे फोन प्राणवायूच्या टाक्यांसंबंधीचे होते, आणि २६ एप्रिलपासून भारतातून येणाऱ्यांना जर्मनीचे दरवाजे बहुतांशी बंद झाले, त्यामुळे भाड्याच्या थकबाकीचे दुःख करण्यास मला सवडही नव्हती आणि तोंडही नव्हते. आजीबाईंच्या सल्ल्याने साठवलेली रक्कम मी एका झटक्यात भरून टाकली, आणि पावतीबरोबरच मालकास लिहिले की आता भाडे पूर्ण मिळत असल्याने झोपण्याच्या खोलीच्या खिडकीची ती फट बुजवून मिळावी, जिच्यातून सगळा हिवाळा वारा आत आला. उत्तर तत्परतेने आले. कारागीर जूनमध्ये येईल. वेळ सकाळी आठ ते दुपारी चारच्या दरम्यान केव्हाही, आणि भाडेकरूने त्या संपूर्ण अवधीत घरी हजर असावे, असे त्यात ठळक अक्षरांत छापले होते. ही एक अट तेवढी मला त्या वर्षी मुळीच जाचक वाटली नाही.