मारून घेतलेली कबुली आणि 'ब्रॉडचर्च'

गुन्हेगार कोण हे आरंभीच ठाऊक असलेली रहस्यमालिका पाहावयास कोण बसेल, असे आपणांपैकी कोणीही विचारील. 'ब्रॉडचर्च' या इंग्रजी मालिकेने आपल्या दुसऱ्या पर्वात हेच धाडस केले. टीकाकारांना ते पर्व पहिल्याइतके रुचले नाही. तथापि वीस वर्षे फौजदारी न्यायालयांत उभा राहिलेला मी वाचकांना हेच सांगेन की, आपल्या घरांतून पाहिले जावे ते हे दुसरे पर्वच होय.

क्रिस चिबनॉल यांनी लिहिलेली ही मालिका आयटीव्ही या ब्रिटिश वाहिनीवर २०१३ साली आली. समुद्रकाठच्या एका लहानशा गावात अकरा वर्षांच्या डॅनी लॅटिमर या मुलाचे प्रेत कड्याखाली सापडते. अॅलेक हार्डी आणि एली मिलर हे दोघे पोलीस अधिकारी आठ भाग तपास करतात, आणि अखेरीस खुनी निघतो तो खुद्द एलीचा नवरा, जो मिलर. तो कबुलीही देतो. प्रेक्षकाच्या दृष्टीने प्रकरण संपले. परंतु जानेवारी २०१५ मध्ये मालिका परतली, आणि पहिल्याच भागात जो न्यायालयात उभा राहून म्हणाला, "मी दोषी नाही."

मग त्या कबुलीचे काय? आपल्याच नवऱ्याने हे कृत्य केले हे कळताच एली पोलीस ठाण्यात त्याच्यावर तुटून पडली होती, तिने त्याला लाथा घातल्या होत्या. कोठडीतील माणसाच्या अंगावर मारहाणीच्या खुणा होत्या. बचाव पक्षाची वकील शॅरन बिशप नेमके त्यावर बोट ठेवते, आणि न्यायाधीश ती कबुली पुराव्यातून वगळतात. (न्यायाधीशांच्या भूमिकेत मीरा स्याल ही भारतीय वंशाची अभिनेत्री आहे.) खटला पांगळा होतो, आणि शेवटी ज्यूरी जोला निर्दोष सोडते.

पाहणाऱ्याला संताप येतो. कबुली खरी होती हे त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले असते. शॅरन त्याला खलनायिका वाटू लागते. पण वाचकहो, हा संताप कोणावर करावयाचा, हे नीट पाहा. खटला बुडविला तो न्यायाधीशांनी नव्हे, वकिलानेही नव्हे. तो कोठडीतल्या त्या लाथांनी बुडविला. इंग्लंडच्या १९८४ च्या पोलीस व फौजदारी पुरावा कायद्याचे कलम ७६ असे आहे की, कबुली जुलमाने मिळविलेली नाही हे सरकार पक्षाने निःसंशय सिद्ध केले पाहिजे, नाहीतर ती घेता येणार नाही. मग ती खरी असली तरीही. 'खरी असली तरीही' हा आशय कायद्यात आहे, माझ्या पदरचा नव्हे. कारण एका खऱ्या कबुलीसाठी मारण्यास मोकळीक दिली, तर दहा खोट्या कबुल्याही त्याच हाताने लिहिल्या जातील. मालिकेत शॅरनचा स्वतःचा मुलगा तुरुंगात आहे. त्या आईला हे कोणी शिकवावे लागत नाही.

या खटल्याच्या चित्रणात चुका आहेत, हेही सांगितले पाहिजे. ज्यांची साक्ष व्हावयाची आहे तेच लोक न्यायालयात बसून इतरांच्या साक्षी ऐकतात. इंग्लंडातील वकिलांनी हे दोष तेव्हाच दाखविले. माझ्या मते त्यांनी मूळ प्रश्नाला बाध येत नाही.

आता हाच जो मिलर आपल्या न्यायालयात उभा आहे असे समजा. लाथांचा विषय निघण्याचीही गरज पडली नसती. पोलिसापुढे दिलेली कबुली आपल्याकडे आरोपीविरुद्ध मुळी सिद्धच करता येत नाही. हा नियम आपल्याला इंग्रजांनीच दिला, पण त्यांच्या स्वतःच्या देशातील नियमाहून तो कडक आहे. १८५५ साली मद्रास इलाख्यातील छळाची चौकशी करणाऱ्या आयोगाचा अहवाल आला. सारा वसूल करण्यासाठी आणि कबुल्या काढण्यासाठी रयतेचे काय हाल होत, ते त्यात नोंदले आहे. पुढे १८६१ च्या फौजदारी संहितेत हा नियम आला. तेथून तो १८७२ च्या पुरावा कायद्याचे कलम २५ झाला, आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ मध्ये आहे. महाराष्ट्राच्या १९९९ च्या संघटित गुन्हेगारीविरोधी कायद्यासारखे अपवाद आहेत. शिवाय आरोपीच्या सांगण्यावरून एखादी वस्तू सापडली, तर त्या सांगण्याचा तेवढा भाग चालतो. कोठडीतील मारहाणीला आजही जी हाव सुटते, ती पुष्कळदा याच फटीतून.

हा नियम कोणाच्या कामी येतो? ज्याच्या घरी रात्री जीप येते आणि ज्याच्यासाठी ठाण्यावर फोन करणारा कोणी नसतो, त्याच्या. डिसेंबर २०२४ मध्ये परभणीत संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. नंतरच्या अटकसत्रात धरलेला, कायद्याचे शिक्षण घेणारा एक तरुण न्यायालयीन कोठडीत असताना मरण पावला. पोलिसांनी मारल्याचा कुटुंबाचा आरोप होता. गुन्हा नोंदवा, हे सांगावयास जुलै २०२५ मध्ये उच्च न्यायालय लागले. राज्य सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले आणि तेथेही हरले.

मालिकेतील एक दृश्य मात्र मला मान्य नाही. सुटलेल्या जोला गावकरी एकत्र जमून गावाबाहेर काढतात, आणि प्रेक्षकाला ते न्यायासारखे वाटावे अशी मांडणी आहे. गावाने जमून एखाद्याला हद्दीबाहेर घालविणे म्हणजे काय, हे आपल्या वाडवडिलांना विचारा. येथे तो खुनी आहे हे आपल्याला ठाऊक आहे म्हणून मन गावाकडे ओढले जाते, एवढेच. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा आहे. त्यात बहिष्कृत माणूस आपल्याला आवडतो की नाही, असा प्रश्न विचारलेला नाही.

असो. १५ सप्टेंबर १९४९ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी संविधान सभेत १५-अ हे नवे कलम मांडले. तेच आजचे अनुच्छेद २२. अटकेचे कारण कळण्याचा, आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेण्याचा आणि प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे हजर केले जाण्याचा हक्क त्यातून आला. वकील परवडत नसेल तर १९८७ च्या विधी सेवा कायद्याच्या कलम १२ खाली तो विनामूल्य मिळतो. कोठडीतील व्यक्तीला तो मिळतोच, आणि अनुसूचित जातीच्या माणसालाही मिळतो. बौद्ध झाल्याने हा दुसरा हक्क गेला, असे कोणी सांगितल्यास १९९० ची दुरुस्ती दाखवावी. अर्ज तालुका किंवा जिल्हा न्यायालयातील विधी सेवा कार्यालयात करावा, आणि दंडाधिकाऱ्यापुढे उभे राहताच अंगावर मार असेल तर तो तेथेच, मोठ्याने सांगून लिहून घ्यावयास लावावा.