मार्चअखेर आणि सात-बारा

मार्च उजाडला की सुस्थित घरांना ‘कुटुंब’ आठवते. हिंदू अविभक्त कुटुंब हा १९२२ च्या प्राप्तिकर कायद्यापासून स्वतंत्र करदाता आहे. वडिलोपार्जित मिळकत असलेला गृहस्थ उत्पन्न दोन नावांवर दाखवून कर वाचवतो. त्या कुटुंबात पत्नी सभासद म्हणून मोजली जाते, एवढेच.

यवतमाळजवळच्या लोहाऱ्यातील कापूसवाल्याला या युक्तीचा उपयोग नाही. शेतीच्या उत्पन्नावर प्राप्तिकर नाही. त्याचे मार्चअखेर म्हणजे पीककर्जाची फेड. निंदण, वेचणी बाईची. सात-बारावर नाव मात्र नवऱ्याचे. मुलीला महाराष्ट्राने १९९४ साली व संसदेने २००५ साली जन्मसिद्ध हिस्सा दिला. पत्नीला तो नाही. बाप-लेकांत वाटणी झालीच, तर तिला मुलाइतका वाटा मिळतो. वाटणी मागण्याचा हक्क तिला नाही! नवरा हयात असेतो तिचा शेतीवरील अधिकार त्याच्या मर्जीचा.

शरद जोशींच्या अर्थनीतीशी समाजवाद्यांचे कधी जमले नाही. तरीही शेतकरी संघटनेची लक्ष्मीमुक्ती मोहीम रास्त होती, हे मान्य केले पाहिजे. १९९२ साली सरकारनेही त्याच नावाचे परिपत्रक काढून पत्नीचे नाव सहहिस्सेदार म्हणून लावण्याची सोय केली. पण त्यासाठी अर्ज नवऱ्यानेच करावयाचा. तो क्वचितच करतो. सोसायटीचे कर्ज नवेजुने करायला मात्र न चुकता तलाठ्याकडे जातो. कार्यकर्त्यांनी त्याच खेपेला हा अर्ज त्याच्या हाती द्यावा आणि फेरफार होईपर्यंत पाठपुरावा करावा.