चिनी अन्न आणि आमचें अज्ञान

चिनी माणूस वाटेल तें खातो, दुधाला तो शिवत नाहीं, आणि त्याचें अन्न म्हणजे तांबडें, तिखट, तेलकट असें कांहीं तरी, ही आपल्या सुशिक्षित समाजाची ठाम समजूत आहे. २०२० च्या जून महिन्यांत गलवानच्या खोऱ्यांत आपले २० जवान धारातीर्थीं पडले, तेव्हां एका केंद्रीय मंत्र्यांनीं चिनी पदार्थ विकणाऱ्या उपाहारगृहांवर बंदी घालावी, अशी मागणीच केली. त्या वीरांविषयीं शोक कोणास नाहीं? परंतु ज्या पदार्थांवर हा कोप झाला, त्यांचा चीनशीं संबंध किती, हा प्रश्न आम्ही विचारूं इच्छितों.

जुन्या भूगोलांत ज्यास कँटन म्हणत, तें ग्वांगझौ शहर दक्षिण चीनच्या पाककलेचें माहेरघर होय. एकोणिसाव्या शतकांत मुंबईच्या व्यापाऱ्यांनीं माळव्याची अफू त्या बंदराकडे धाडून अमाप पैसा केला. मात्र तेथील लोक खातात काय, याची चौकशी आपण आजवर केलेली नाहीं. ती केली असती तर काय आढळलें असतें?

तेथें सकाळीं घरचीं सर्व माणसें चहागृहांत जमतात. १८८० सालीं निघालेलें ‘ताओ ताओ जू’ अद्यापि चालू आहे. चहासोबत बांबूच्या लहान करंड्यांतून वाफवलेले पदार्थ येतात. त्यांतील ‘हार गाव’ची पारी, कुरडईसाठीं आपण गव्हाचें जें सत्त्व काढतों, तशाच सत्त्वाला कढत पाण्यानें उकड देऊन करतात, ती इतकी पारदर्शक होते कीं आंतील कोळंबीचा गुलाबी रंग बाहेरून दिसतो. लाल तिखट नाहीं, मसाल्याचा भडिमार नाहीं. कोळंबीची मूळची गोडी झांकूं न देणें हाच तेथील आचाऱ्याचा धर्म. लीचीच्या खाडीवर नावाडी लोक होड्यांतून विकीत ती मासळी व शेंगदाणे घातलेली भाताची पेज कोंकणच्या माणसास परकी वाटेल काय?

आतां दुधाविषयीं. याच शहराच्या पान्यू भागांतील शावान गांवीं वाटींत जून आल्याचा रस घेऊन त्यावर म्हशीचें गरम दूध उंचावरून ओततात व न ढवळतां ठेवतात. आल्यांतील पाचक द्रव्यामुळें तें कांहीं मिनिटांत खरवसासारखें थिजतें. दूध उकळतें असेल तर तें द्रव्य नाश पावतें आणि सारा खटाटोप फुकट जातो. दुधाला न शिवणाऱ्यांस ही युक्ति सुचली असती काय?

सापाचें सूप तेथें लोकप्रिय होतें, हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु फेब्रुवारी २०२० मध्यें चीननेंच वन्य प्राणी खाण्यावर बंदी घातली. शिवाय बस्तरांत लाल मुंग्यांची चटणी करतात, म्हणून अखिल हिंदवासी मुंग्याच खातात, असें कोणी परकीयानें लिहिलें तर आपण त्यास काय म्हणूं?

राहिली ती आपल्या नाक्यावरची गाडी. तीवरील ‘मंचूरियन’ मांचुरियांतून आलेला नाहीं. तो याच देशांत जन्मला, आणि ग्वांगझौचा आचारी त्याला ओळखणारहि नाहीं. त्यांतील कोबी आपल्या शेतकऱ्याचा, कढईपुढें घाम गाळणारा मुलगा आपल्याच गरीब घरचा. बंदीनें उपाशी राहील तो हा मुलगा. सीमेपलीकडील राज्यकर्त्यांचा एक घांसहि कमी होणार नाहीं.

शेजाऱ्याशीं वैर करण्याचा प्रसंग आला तरी तो कोण आहे हें जाणण्याचें कर्तव्य सुटत नाहीं. स्वतःच्या कढईंतील तांबडा रंग त्याच्या माथीं मारून त्यावर दांत-ओठ खाणें यास देशभक्ति म्हणत नाहींत. तें आळशी अज्ञान होय.